न लागलेला हात

माझे वडील देवावरसुद्धा एकदम विश्वास ठेवत नसत. रोज आंघोळ झाली की पूजेला बसायचे, स्तोत्रं खणखणीत म्हणायचे, पण मधेच थांबून आईला विचारायचे, "हे जास्वंद कालचं तं नाही ना वं?" आई स्वयंपाकघरातून "आजचंच आहे" म्हणाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कशावरून?" हे 'कशावरून' आमच्या घरात दिवसभर चालायचं. संत्री गोड आहेत म्हटलं तरी कशावरून, आभाळ भरून आलंय म्हटलं तरी कशावरून. मला ताप आला तर बाबा थर्मामीटर आधी एका काखेत लावायचे, मग दुसऱ्या, आणि दोन्ही काखांची साक्ष जुळली तरच शाळा बुडवायची परवानगी मिळायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, वकिलाचं घर आहे बाप्पा, इथं शिंकलं तरी पुरावा मागतात. मला तेव्हा भारी राग यायचा. आता माझ्या सुना माझ्याबद्दल हेच बोलतात असा मला दाट संशय आहे.

आमचं घर सक्करदऱ्याच्या वाटेवर होतं. तेव्हा तो भाग म्हणजे नागपूरच्या बाहेरच म्हणायचा. तळ्याकडून टिटव्यांचं ओरडणं सरळ अंगणात यायचं आणि संध्याकाळी गाई परतल्या की धुळीनं तुळससुद्धा मळकट व्हायची. आजोबा कळमेश्वराकडच्या एका खेड्यात वावर कसायचे. आमच्या घराण्यात अंगावर काळा कोट चढवणारे बाबा पहिलेच. कोर्टात ते इंग्रजी बोलायचे, आणि असं बोलायचे म्हणे की गोरा साहेबही पेन खाली ठेवून ऐके. घरी आले की जोड्यांबरोबर ती भाषाही ओसरीवर काढून ठेवायचे आणि मले-तुले सुरू व्हायचं. आईला ते आवडत नसे. तिचं माहेर शहरातलं, चार इयत्ता शिकलेलं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्याही तोंडी तेच बसलं होतं, फक्त पाहुणे आले की ती जरा सावरून बोलायची.

सकाळी बाबांच्या बैठकीत पक्षकार यायचे आणि त्यांच्याबरोबर साक्षीदार. बैठक आणि आतली खोली यांच्यामध्ये एक दार होतं, त्याला हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे माझी थोरली बहीण मनूताई आणि मी सांबार निवडत बसायचो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्याकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं, नाहीतर पुढे आमच्या सांबारवडीचा घोटाळा व्हायचा. तर पलीकडून बाबांचा आवाज यायचा. "विचारलं तेवढंच बोला. जास्तीचं एक अक्षर नाही. आठवत नसन तं आठवत नाही म्हणा, अंदाजानं ठोकून देऊ नका. समोरचा वकील हसला तं तुमी हसू नका. अन् त्यानं आवाज चढवला तं तुमी पाणी मागा." हे सगळं आम्हा दोघींना परवच्यासारखं पाठ होतं. बाबा म्हणायचे, मी खोटं शिकवत नाही, खरं उभं कसं राहावं ते शिकवतो. लहानपणी मला ते पटलं होतं. आता वाटतं, खऱ्याला उभं राहायला इतकी तालीम का लागावी? पण हे विचारायला बाबा राहिले नाहीत.

संध्याकाळचे बाबा मात्र वेगळे होते. कोर्टातून आले, कोट खुंटीला टांगला, चहा उभ्यानंच घेतला, धोतराचा काचा मारला की निघाले मागच्या मैदानावर. घरामागची ती मोकळी जागा त्यांनी खास ठेवली होती. आई तिथे भाजी लावायची म्हणायची, पण बाबांपुढे तिचं चालत नसे. बाबांना खेळाचं वेडच होतं. हॉकी पाहायला ते उन्हातान्हात जायचे, क्रिकेटची चर्चा करताना जेवण गार व्हायचं, साहेबांच्या ओळखीनं टेनिसही खेळून आले होते. टेनिसबद्दल त्यांचं मत असं की, मधे जाळी बांधून दोघांनी दुरून केलेली दुश्मनी म्हणजे टेनिस. त्यांचा खरा जीव आट्यापाट्यांत. राखेनं आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर एकेक गडी उभा, आणि मधून उभी जाणारी सूरपाटी. समोरच्या संघानं हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या, पाटीवाल्यानं हात लावला की बाद. त्या मैदानावर बाबांच्या हाताखालचे वकील यायचे, कॉलेजातले पोट्टे यायचे, आणि सूरपाटीवर आमचा दूधवाला गणपत. गणपतच्या दुधावर बाबांचा विश्वास नव्हता, पण त्याच्या हातावर होता.

आमच्या मैदानावर पंच नसे. तो बाबांचा कायदा होता. ज्याला हात लागला त्यानं स्वतः हात वर करायचा आणि गुमान बाहेर यायचं, कोणी विचारायचं नाही. बाबा म्हणायचे, "कोर्टात माणूस गीतेवर हात ठेवून खोटं बोलते. इथं शपथ नाही, न्यायाधीश नाही. हात लागला हे ज्याले लागला त्यालेच नक्की माहीत असते. मले माणूस पाहायचा असन तं मी इथंच पाहीन." रविवारी खेळ झाला की मैदानाच्या कडेला गोवऱ्या पेटवून ते स्वतः रोडगे भाजायचे, वांग्याचं भरीत करायचे, आणि आम्हा पोरींना आधी वाढायचे. त्या काळात कोणत्या घरी बाप आधी मुलींना वाढत होता सांगा! ताईला तर त्यांनी परकर खोचून पाट्यांवर पळायलाही शिकवलं होतं. तिची हुलकावणी अशी, की खांदा इकडे जायचा आणि बाई तिकडून पार. तिला न्हाण आलं आणि आईनं ते बंद केलं. बाबा त्या रविवारी रोडगे भाजायला बसलेच नाहीत.

आता ताईच्या लग्नाची गोष्ट. ताईला पाहायला येणारा मुलगा घरच्यांना पसंत पडला, की बाबा त्याला अगदी प्रेमानं म्हणायचे, "रविवारी या ना मैदानावर, जराक खेळू." बिचाऱ्याला वाटे वकीलसाहेब हौशी आहेत. तो यायचा आणि त्याला कळायचंही नाही की आपण पिंजऱ्यात उभे आहोत. पहिला डॉक्टर होणार होता. गणपतचा हात त्याच्या पाठीवर असा बसला की आवाज ओट्यापर्यंत आला, आणि हा पठ्ठ्या पळतच राहिला. बाबांनी संध्याकाळी कळवलं, पत्रिका जुळत नाही. दुसऱ्यानं हात वर केला, पण आधी बाबा पाहताहेत का ते बघून मग. तिसरा म्हणाला, मी असले गावठी खेळ खेळत नाही. तिघांच्याही पत्रिका जुळल्या नाहीत. गाव काही दुधखुळं नसतं. हळदीकुंकवाला आईशेजारी बसलेल्या बायका हळूच विचारायला लागल्या, "मनूले काही तब्येतीचं आहे का वं?" एकीनं तर ताईच्या हातावर कुंकू लावता लावता तिची बाही वर सरकवून कातडी पाहिली, कोडाचा डाग आहे का म्हणून. ताईनं ते ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून ती कुणाकडेच गेली नाही.

आई मात्र फुटली. एका रात्री जेवणं झाल्यावर ती बाबांना म्हणाली, "तुमाले पोरगी धाडायचीच नाही. पाट्यांचं निमित्त करून राहिले तुमी."

"कशावरून?"

"कशावरून काय? माह्या पोरीचं वय चाललं यावरून! हात वर केला नाही म्हणून काय तो तिले मारणार होता? अन् जो हात वर करते तो काय देव आहे?"

बाबा दात कोरत बसले. आईचा संशय मला तेव्हा दुष्टपणाचा वाटला होता. आज वाटतं, त्यात बरंच तथ्य होतं. ताई सासरी गेल्यावर बाबा कितीतरी महिने जेवताना पाट मांडायचे ते एक जास्तीचा.

त्या हिवाळ्यात वसंतरावांचं स्थळ आलं. ताईच्या वर्गात यमू म्हणून मुलगी होती, तिचा हा मावसभाऊ. एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. काटकुळा, चष्मेवाला, मान थोडी पुढे. बाबांनी त्याला पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं, कारण हा गडी पाट्यांवर किती टिकेल ते दिसतच होतं. त्याची आई आणि मामा बरोबर होते. सांबारवड्या झाल्या, चहा झाला. मामांनी ताईला विचारलं, स्वयंपाक काय काय येतो, विणकाम येतं का. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "त्यांनाही काही विचारायचं असेल तर विचारू दे ना, मामा." मुलीनं विचारायचं ही पद्धत तेव्हा कोणाच्या बापजन्मात नव्हती. ताईनं मान वर केली आणि सरळ विचारलं, "तुम्ही घोरता का?" आईनं पडद्याआड कपाळाला हात लावला. तो जरा विचार करून म्हणाला, "झोपेत मी हजर नसतो. आईला विचारा, ती प्रत्यक्ष साक्षीदार आहे." बाबा इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. पण पाहुणे गेल्यावर धोतर बदलून आले ते भुवई चढवूनच. "पोट्टा भल्ला हुशार आहे. पण साक्षीदार इतका तयार असला की मले शंका येते. रविवारी बोलावतो."

ताईनं हे ऐकलं. ती रांगोळीचे डबे आवरत होती. तिच्या हातून डबा निसटला आणि पांढरी रांगोळी फरशीभर झाली. त्या आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, यमू आमच्याकडे वाण घ्यायला आली होती, आणि ताई तिला पोचवायला पार फाटकापर्यंत गेली. इतक्या दिवसांत ताई कोणाला पोचवायला गेली नव्हती. मी पाहिलं, मला नवल वाटलं, आणि मी विसरून गेले.

रविवारी वसंतराव आले. एकटेच. चष्मा दोऱ्यानं कानांमागे बांधलेला, धोतराचा काचा कोणीतरी घालून दिल्यासारखा वाकडा. आम्ही बायका मागच्या ओट्यावर. आई हातात जपमाळ घेऊन बसली होती, पण मणी काही पुढे सरकत नव्हते. ताई स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर. खेळ सुरू झाला. पहिल्या दोन पाट्या तो चक्क पार झाला. कसा, ते त्यालाही कळलं नसावं. गणपत सूरपाटीवरून वाघासारखा आला. हात लांबवला. आणि गणपतचा हात अजून त्याच्यापासून चांगला वीतभर लांब होता, मधून पलीकडचा निंबाचा बुंधा मला स्पष्ट दिसत होता, तेवढ्यात वसंतरावांनी हात वर केला आणि मान खाली घालून बाहेर चालू लागले.

गणपत थांबला. त्यानं आपला तळहात उलटासुलटा करून पाहिला. पोट्टे एकमेकांकडे पाहायला लागले. आईला वाटलं, झालं! मुलगा पास झाला! तिनं जपमाळ कपाळाला लावली. मी मात्र बाबांकडे पाहत होते. ते मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी पूर्वी फक्त बैठकीत पाहिलं होतं, समोरच्या पक्षाचा साक्षीदार नको तितकं गोड बोलायला लागला की दिसायचं ते.

वसंतराव विहिरीवर पाय धुवायला गेले आणि बाबा तीरासारखे स्वयंपाकघरात. "मैदानावरची गोष्ट बाहेर कोणं सांगतली?"

आई म्हणाली, "अवो, काय झालं काय? पोरानं हात वर केला ना?"

"लागला नव्हता! लागलेला हात लपवणारा एक वेळ परवडला. न केलेला गुन्हा कबूल करणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, अन् पाहिला तेव्हा त्याच्या मागं कोणीतरी उभं होतं. तू सांगतलं?"

"माह्या बापाची शपथ, म्या नाही."

बाबांचे कारकून मुन्शीजी, त्यांना बोलावलं. ते हात जोडून म्हणाले, "साहब, मैं तो आज तक ये खेल समझा ही नहीं." मग बाबा माझ्याकडे वळले. कोणत्या मैत्रिणीशी बोलली, कधी बोलली, पत्ते खेळताना काही तोंडून गेलं का? मी खरंच काही केलं नव्हतं, पण त्यांच्या प्रश्नांची रांग अशी होती की मला माझाच संशय यायला लागला आणि मी भोकाड पसरलं. सगळ्यांची जबानी झाली. एकटी ताई चुलीपुढे बसून वड्या तळत होती. तिला त्यांनी एक शब्दही विचारला नाही. ती तर ज्या वस्तूवरून खटला चाललाय ती वस्तू होती. मुद्देमालाची साक्ष कोण काढतं!

वसंतरावांना बैठकीत बसवलं. चहा दिला. आई, मी आणि ताई पडद्याआड. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. बाबा आपल्या खुर्चीवर बसले, आणि अगदी मऊ आवाजात सुरू झाले. त्यांचा मऊ आवाज वाईट, हे अख्ख्या बारला ठाऊक होतं.

"गणपतचा हात तुमाले लागला होता?"

"नाही."

मला वाटलं होतं तो लागला म्हणेल. आईलाही तसंच वाटलं असावं, तिची पकड आणखी आवळली.

"मंग हात काहून वर केला?"

"लागणारच होता. दिसतच होतं. म्हटलं उशीर नको व्हायला."

बाबा हसले नाहीत. "असं. उशीर झाला असता तं काय बिघडलं असतं?"

वसंतराव गप्प.

"हात वर करायले उशीर झाला की या घरात काय होते, हे तुमाले माहीत होतं. आमच्या मैदानावर तुमी पहिल्यांदा आले. मंग कोणं सांगतलं?"

गप्प.

"कोणीच नाही सांगतलं?"

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हणजे सांगतलं. घरातल्यानं की बाहेरच्यानं?"

त्यानं चष्मा काढून उपरण्यानं पुसला, परत घातला. बाबांनी मग सगळी हत्यारं काढली. रागावून पाहिलं, लाडीगोडी लावली, भलतंच काही विचारून मधेच मूळ प्रश्न टाकला. पाटलांपासून फौजदारापर्यंत सगळे ज्या उलटतपासणीला वाकले ती उलटतपासणी, आणि समोर हा चिपाडासारखा मास्तर. तो खोटं बोलेना आणि नाव सांगेना. शेवटी बाबा टेबलावर हात आपटून म्हणाले, "ऐका मास्तर. मले पोटात एक अन् ओठात एक असलेला जावई नको. नाव सांगा, मी उद्या तिथी काढतो. माह्या शब्दावर विश्वास ठेवा, त्या माणसाले काही करणार नाही. नाही सांगत, तं चहा संपवा अन् निघा. पत्रिका जुळत नाही असं तुमच्या आईले कळवतो."

म्हणजे चौथं स्थळ. चौथ्या स्थळानंतर ताईचं काय होणार होतं ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. आई ओठातल्या ओठात म्हणाली, "सांग रे बाबा, कोणाचंही नाव सांग, माह्यं सांग." वसंतरावांनी अर्धा कप चहा तसाच टेबलावर ठेवला. गुडघ्यावरची टोपी उचलली, घातली. उठले. बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "येतो मी. मुलगी तुमची फार चांगली आहे."

माझ्या शेजारून काहीतरी सपकन गेलं. ताई हातात वड्यांची ताटली घेऊन पडद्याबाहेर होती. परक्या पुरुषासमोर, न बोलावता, कपाळावर तेलाचे शिंतोडे आणि पदर खोचलेला. तिनं ताटली टेबलावर ठेवली.

"म्या सांगतलं, बाबा. यमूजवळ निरोप दिला. हात लागला की थांबू नका, लगेच वर करा म्हणून. त्यांनी जरा जास्तीच मनावर घेतलं."

बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. "तू? अन् मघाशी मी घरभर विचारत फिरलो तवा तुह्या तोंडाले कुलूप होतं?"

"मले कुठं विचारलं तुमी? विचारलं तेवढंच बोलायचं असते ना? साक्षीदार कसा पढवायचा ते मी याच पडद्यामागं शिकली. तुमी रोज पढवता ते चालते. म्या जन्मात एकदा पढवला. तेही माह्याच खटल्यात." तिचा आवाज इथपर्यंत ठीक होता. पुढे तो फुटला. "तीन झाले, बाबा. बाया माह्या बाह्या वर करून पाहून राहिल्या."

बाबांना ते बाह्यांचं माहीत नव्हतं. आईनं सांगितलं नव्हतं, ताईनं तर नाहीच. त्यांनी एकदा ताईच्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीकडे वळले. खिडकीकडेच तोंड करून म्हणाले, "मास्तर, टोपी काढा अन् बसा. इतका नालायक साक्षीदार माह्यासमोर कधी आला नाही. खोटं बोलता येत नाही अन् खरं सांगत नाही." आणि मग, "अवं, चहा निवला यांचा. दुसरा पाठव." आई पडद्यात तोंड खुपसून रडायला लागली. तो पडदा नंतर धुवावा लागला, कारण तिचं सगळं कुंकू त्याला पुसलं गेलं.

लग्न त्याच उन्हाळ्यात, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, टट्ट्यांवर पाणी मारत, मांडवात पन्ह्याचे हंडे भरून झालं. सगळं गोड झालं असं लिहून मी मोकळी झाले असते, पण आम्ही वकिलाच्या रक्ताचे. वरात गेल्यावर बाबा ओसरीवर बसले होते, डोळे लाल, हातात सुपारी तशीच. मला म्हणाले, "शरे, एक गोष्ट माह्या मनातून जात नाही. तो पोट्टा नाव न सांगता उठला, तिथंच मी हरलो. पण मनूले माहीत होतं की मी अशाच ठिकाणी हरतो. हे गप्प राहणंही तिनंच पढवलं असन तं?" मी म्हटलं, "विचारा ना तिला." ते म्हणाले, "नाही वं. उत्तर नको असन तो प्रश्न विचारू नये." आणि त्यांनी तो कधी विचारला नाही. जावयाशी खेळायचे, हॉकी पाहायला त्याला घेऊन जायचे, नातवंडांना खांद्यावर घ्यायचे, पण मधेच कधीतरी ते वसंतरावांकडे असे टक लावून पाहायचे की मला कळायचं, आत उलटतपासणी चालू आहे. तसेच ते गेले.

हा संशय वारसाहक्कानं माझ्याकडे आला. मी तो पुष्कळ वर्षं बाळगला. मैदानावर आता चार मजली इमारत आहे. वसंतराव गेले त्या वर्षी मी ताईकडे राहायला गेले होते. दोघी म्हाताऱ्या गॅलरीत मटार सोलत बसलो होतो. मी मनाचा हिय्या केला आणि विचारलं, "ताई, आता खरं सांग. त्या दिवशी भाऊजी गप्प राहिले, टोपी घालून उठले. तेही तूच शिकवलं होतंस ना?"

ताईनं हातातली शेंग तशीच ठेवली. "बाबांनी विचारायला सांगतलं का तुले?"

"बाबा कधीचे गेले, ताई. मीच विचारते."

"म्या तं उलटं सांगून धाडलं होतं, शरे. यमूले घोकून घोकून सांगतलं, बाबा अडवतीन तं सरळ माह्यं नाव घ्या म्हणा. बाबा माह्यावर चार दिवस रागावतीन अन् विसरतीन. लग्न मोडू देऊ नका." तिनं ती शेंग परत उचलली. "मी पडद्याआडून वाट पाहून राहिली होती, आता नाव घेतीन, मंग घेतीन. अन् हे टोपी घालून उठले! मले घाम फुटला बाप्पा."

"मग नंतर विचारलं नाहीस, का नाही घेतलं म्हणून?"

"विचारलं ना. लग्न झाल्यावर पहिल्याच रात्री." ताईनं पदरानं नाक पुसलं. "नुसते हसले. तेव्हा मले समजलं, शरे, त्या दिवशी यांनी हात वर केला तो माह्या सांगण्यावरून. गप्प बसले, तेवढं त्यांच्या मनचं."